लाभाचा वेढा

"वैजू, माझ्या कमरेवर चहाचं आधण ठेवलंस तरी चालंल बघ," हे म्हणाले.

सकाळचे साडेसात झाले होते. मी डबा भरत होते, गुडघा ठणकत होता आणि कंपनीची गाडी आठला नाक्यावर येते, ती कुणासाठी थांबत नाही.

"बेल्ट सैल करा," मी म्हटलं.

"सैलच आहे की. डबी तापायलीय."

"उन्हाळा आहे. सगळंच तापायलंय. मी पण."

हे हसले. आमचे हे म्हणजे सुकुमार खोत, पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. कशावरही हसतात. चौदा महिन्यांपूर्वी मिरजेत यांच्या छातीत पंप बसवला, तेव्हा स्ट्रेचरवर झोपल्या झोपल्या डॉक्टरांना विचारत होते, आत बसवणार तो कुठल्या रंगाचा आहे म्हणून.

"उन्हाळा आहे" हे उत्तर मी महिनाभर देत होते. त्याआधी "स्वेटर घालून बसता म्हणून" असं होतं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. कारण त्या डब्या कुपवाडच्या ज्या कारखान्यात बनतात, तिथं त्या तपासायचं काम माझं. सव्वीस वर्षं तेच करतेय. घरचा माणूस सांगतोय डबी तापतेय, आणि तपासनीसबाई डब्यात लोणचं भरतायत.

डबी म्हणजे काय ते आधी सांगते.

हल्ली घरोघरी भिंतीतून अठ्ठेचाळीस व्होल्टचा सरळ प्रवाह येतो. छपरावरचं पॅनेल, जिन्याखालची बॅटरी, पंखा, फ्रीज, सगळं त्यावरच. छातीतल्या पंपाची कमरेला बांधायची बॅटरीही अठ्ठेचाळीसचीच, कारण व्होल्ट जास्त असले की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो, तार बारीक चालते आणि माणसाला कमी ओझं होतं. पण खुद्द पंपाला लागतात बारा व्होल्ट. अठ्ठेचाळीसचे बारा करणारी ती डबी. पंप बंद पडला तर माणूस काही मिनिटांचा सोबती, म्हणून डबी बंद पडता कामा नये. एवढं साधं आहे.

जुन्या डबीत चौसष्ट वेढ्यांची जाडजूड कॉइल असायची. एक स्विच सेकंदाला लाखो वेळा प्रवाह तोडायचा आणि जोडायचा, आणि ते तुकडे कॉइल सपाट करून पुढं द्यायची. काम चोख, पण डबी विटेएवढी जड. मग नवीन रचना आली. तीत वीज साठवणारे चार कपॅसिटर. आधी ते एकाखाली एक जोडून अठ्ठेचाळीसवर भरायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बारा येतात. मग स्विच फिरवून चौघांना शेजारी शेजारी उभं करायचं, की बाहेर पडतात सरळ बारा. वजन काडेपेटीएवढं.

यातही एक खोच होती. भरलेल्या कपॅसिटरचा माल कमी भरलेल्याकडे एकदम सोडला की तो धाडकन आदळतो आणि त्यात काही वीज फुकट जाते. म्हणून मध्ये एक छोटी कॉइल घालायची, फक्त सात वेढ्यांची. तिच्यामुळं प्रवाह झोपाळ्यासारखा जातो, चढतो आणि उतरतो. उतरून अगदी शून्यावर आला की त्याच क्षणी स्विच उघडायचा. झोपाळा थांबल्यावर उतरलं की कुणाला लागत नाही. डबी गार राहते, जवळजवळ काहीच वाया जात नाही. हे सगळं आमच्या ईश्वरी मॅडमनी आम्हाला फळ्यावर झोपाळा काढून शिकवलं. ईश्वरी चौगुले, वय सत्तावीस, माझ्या पुतणीपेक्षा लहान. पण पोरगी हुशार, आणि आम्हाला "मावशी" म्हणायची, म्हणून आम्ही तिला "मॅडम" म्हणायचो.

"मावशी, जुन्या कॉइलीत एखादा वेढा इकडंतिकडं झाला तरी चालत होतं," ती म्हणाली होती. "इथं सात म्हणजे सात. झोक्याची वेळ वेढ्यांवर ठरते."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही मान त्यात होती.

आता लाभाचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलंय.

आमच्या वाइंडिंगला आठ बाया. यंत्रानं तार ओढली की तिच्यावरचा लेप तडकतो, म्हणून हे काम हातानंच. सगळ्यांत जुनी त्रिशला मगदूम, आमची अक्का. वय सदुसष्ट, डोळ्याला भिंग, पण बोटं अशी की तार तिच्या हातात आपणहून वळते. मला कंपनीत चिकटवली तीही तिनंच. माझं लग्न झालं तेव्हा सासूआधी मी तिच्या पाया पडले होते, एवढं तिचं माझं.

अक्काचे वडील सांगलीच्या पेठेत मापाडी. धान्य मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं. लाभ हाच तिथं एक असतो. पण अक्कानं कॉइलीवर स्वतःची रीत काढली. दिवसाच्या पहिल्या नगावर ती आधी एक वेढा घालायची, त्याला म्हणायची "लाभ", आणि मग एक, दोन, तीन असं चौसष्टपर्यंत मोजायची. लाभ हिशेबात धरायचाच नाही. "ज्याच्या अंगाला लागंल त्याच्या आयुष्याला एक वरचा," असं म्हणायची. तिनं बाकीच्या सात जणींना हेच शिकवलं. हॉलमध्ये रोज सकाळी सव्वाआठला आठ तोंडांतून "लाभ" निघायचा. इतकं बरं वाटायचं ऐकायला, काय सांगू.

मग तो पहिला नग खिडकीजवळच्या फळीवर ठेवायचा. फळीवर पद्मावती, गणपती आणि आमच्यातल्या मुमताजनं आणून ठेवलेला दर्ग्याचा फोटो. समोर दिवा. अक्का प्रत्येक कॉइलीला हळदीचं बोट लावायची, अगदी टिकलीएवढं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते आठ नग तिथं राहायचे, मग डबीत बसून, नंबर घेऊन पुढं जायचे. हे नियमात बसत नाही. मला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

नव्वद सेकंदांची तपासणी प्रत्येक डबीची होते. बारा व्होल्ट येतात का, एवढंच त्यात दिसतं. खरी परीक्षा दोन तासांची, पूर्ण भारावर, थर्मामीटर लावून. ती दहातल्या एका डबीची. कुठल्या कॉइली घ्यायच्या ते मी सकाळी दहाला निवडते. दहाला लाभाचे नग फळीवर असायचे. देवापुढचं कसं उचलायचं? मी बाकीच्यांतून निवडायची आणि तक्त्यावर त्या आठ नंबरांपुढं लाल पेनानं "ला" लिहून सही करायची.

चौसष्टाचे सात झाले. अक्काचा लाभ चालूच राहिला. मला ते ऐकू येत होतं. रोज. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की चौसष्टावर एक आणि सातावर एक यांत केवढा फरक आहे. कानाला इतकी सवय झाली होती की तो आकडा वाटायचाच नाही, दिवा लावण्यासारखं काहीतरी वाटायचं.

त्या दिवशी दुपारी ईश्वरीनं मला तिच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तीन डब्या उघडून ठेवल्या होत्या. आत काळपट, आणि जळका वास.

"दवाखान्यांतून परत आल्यात," ती म्हणाली. "एक बाई जतच्या. लग्नात जेवायला बसल्या होत्या, डबीचा भोंगा वाजला. लेकीनं पर्समधली जादाची डबी काढून जोडली म्हणून वाचल्या. दुसऱ्याचंही तसंच. तिसरे दोन दिवस शुद्धीवर नव्हते."

"कशानं?"

"कपॅसिटर खचलेत. उष्णतेनं. चारातला एक गेला की डबी गेली. मला वाटतं पुरवठादारानं वाईट माल दिलाय. मी आज त्यांना पत्र लिहितेय, सगळा माल बदलून द्या म्हणून." तिनं डोळे चोळले. तीही दमली होती. "वरचे मात्र वेगळंच म्हणतायत. ते म्हणतायत कॉइलच काढा. माझ्याकडं दुसरी रचना तयार आहे मावशी, कॉइल सर्किटच्या पट्टीवरच तांब्यात छापायची. हातकामच नाही. मी सहा महिने थोपवून धरलीय. तुम्हाला माहितेय का ते."

मला माहीत होतं. आठ बाया घरी जातील म्हणून.

मी भिंग घेऊन एक डबी पाहिली. कॉइलीवर वॉर्निशचा थर होता आणि थराखाली, तार जिथून सुरू होते तिथं, एक पिवळा ठिपका.

दुसरी पाहिली. पिवळा ठिपका. तिसरीतही.

"काय दिसलं?" ईश्वरीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "डोळे दुखायलेत."

सव्वीस वर्षांत तपासणीबद्दल पहिल्यांदा खोटं बोलले. माझ्या टेबलाशी येऊन मी कागदावर आकडे मांडले. कॉइलीचा जोर वेढ्यांच्या वर्गानं वाढतो. साताचे एकोणपन्नास, आठाचे चौसष्ट. झोक्याची वेळ त्याच्या वर्गमुळानं, साताची आठ, म्हणजे एक सप्तमांश जास्त. स्विच मात्र ठरल्या वेळेलाच उघडणार. झोपाळा अजून हलत असतानाच माणूस खाली ओढायचा, सेकंदाला लाखो वेळा. बारा व्होल्ट बाहेर येतातच, नव्वद सेकंदांत काहीच कळत नाही. राहिलेला प्रवाह कुठंतरी जिरतो आणि तिथं उष्णता होते. वर्ष, सव्वा वर्ष डबी सोसते. मग सोसत नाही.

आणि मग मला कमरेवरचं आधण आठवलं.

यांची डबी मी स्वतः निवडली होती. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात, कंपनीची परवानगी घेऊन. हजार डब्या होत्या पुढ्यात, पण मला दुसरी कुठलीच नको होती. अक्काला मी सांगितलं होतं, उद्याचा लाभ यांच्या नावानं घाल. तिनं घातला. जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी फळीखाली उभी होते. दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून.

साडेपाचला गाडीतून उतरले आणि पळत घरी गेले. गुडघा आहे की नाही तेही कळलं नाही. हे अंगणात बसून समोरच्या मांजराचं चित्र काढत होते.

"शर्ट वर करा."

"अगं, शेजारी बघतायत."

"वर करा म्हणते ना!"

डबीला हात लावला. तापलेल्या तव्याएवढी ऊन होती, आणि तिच्याखालची कातडी लाल झाली होती. मी कॉटखाली जादाची म्हणून ठेवलेली जुनी जड डबी काढली. वायर बदलायला अकरा सेकंद लागतात. तेवढा वेळ पंप आतल्या इवल्या साठ्यावर चालतो. मी दवाखान्यात शंभर वेळा शिकले होते, तशीच आकडे मोजत बदलली. हे माझ्याकडं बघत होते, हसत नव्हते.

"वैजू, काय झालंय?"

"काही नाही. ही वीट बांधा कमरेला आणि गप्प बसा."

"वैजू."

मी खाली बसले आणि रडले. मला रडायला आवडत नाही, चष्मा खराब होतो. पण रडले. सगळं सांगितलं. लाभ, फळी, हळद, लाल पेन, जतची बाई, छापील कॉइल, सगळं. शेवटी म्हटलं, "मी महिनाभर तुम्हाला उन्हाळा सांगत होते हो."

यांनी मांजराचं चित्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "अशा किती आहेत?"

"आठ बाया, सोळा महिने. तीन हजारांवर."

"म्हणजे तीन हजार बायका कुणालातरी उन्हाळा सांगायल्यात," हे म्हणाले.

मी डबी स्वयंपाकघरात नेऊन उघडली. वेढे मोजले. आठ. पुन्हा मोजले, जसे काही कमी होणार होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळीच अक्काकडं गेले. ती दारात तांदूळ निवडत होती.

"कामाला न्हाई गेलीस? मी आपली निघायलेच होते."

मी डबी तिच्या सुपात ठेवली. "वेढे मोज."

तिनं भिंग न लावता, नखानं मोजले. "आठ. लाभाचा आहे की. तुझ्या मालकांचा. मीच घातलेला."

"अक्का, त्या लाभानंच ती तापतीय."

मी झोपाळा समजावला. एकोणपन्नास आणि चौसष्ट समजावले. जतची बाई सांगितली. अक्का ऐकत होती आणि तिचा चेहरा कठीण होत चालला होता.

"मला शिकवायलीस व्हय?" ती म्हणाली. "तीस वर्षं लाभ घातला. कुणाचं वाकडं झालं? एकाचं नाव सांग."

"चौसष्ट वेढ्यांवर एकानं काही होत नव्हतं."

"मग आताच कसं होतंय? त्या पोरीच्या रचनेतच खोट असंल. माझ्या लाभात कशी असंल? मी कुणाचं वाईट चिंतून वेढा घातला का गं? तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी उपास केला होता. सांगितलं नव्हतं तुला. पाणीसुद्धा घेतलं न्हाई ती कॉइल होईस्तोवर."

"मला कळतंय."

"न्हाई कळत तुला. तुझं आपलं यंत्र. यंत्राला कळतंय व्हय कुणी काय चिंतलं ते?"

"नाहीच कळत," मी म्हटलं. माझाही आवाज चढला. "त्याला फक्त आठ कळतात. अक्का, यांची कातडी भाजलीय. ह्या हातानं उचलली मी ती डबी, दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून उभी होते, आणि ह्याच हातानं यांच्या कमरेला बांधली."

अक्कानं डबी सुपातून उचलून बाजूला ठेवली. सुपातले तांदूळ उगाच इकडून तिकडं करत राहिली. तिचे हात एवढे म्हातारे मी कधी पाहिले नव्हते.

"तू सांगणार," ती म्हणाली.

"सांगणार. नाही सांगितलं तर ईश्वरी कपॅसिटर बदलेल, नवा माल गार निघाला असं समजेल, आणि ह्या तीन हजार तशाच राहतील. कुणाच्या पर्समध्ये दुसरी डबी असेलच असं नाही."

"आणि मग छापील कॉइल."

"हो."

"माझं जाऊ दे. मी म्हातारी. पण मुमताजचं काय, सुजाताचं काय? त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून लाभ म्हटला."

मी म्हटलं, "सही माझी आहे अक्का. रोजची. लाल पेनानं."

"वेढा माझा आहे," अक्का म्हणाली. ती उठली, पदर नीट केला, चपला घातल्या. "चल. तू एकटी गेलीस तर सगळं आपल्यावर घेशील. तुला खोड आहे तसली."

ईश्वरीच्या केबिनमध्ये मी बोलले, अक्का उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही. मी तक्ते पुढं ठेवले. नियम मोडल्याची रोजची कबुली होती ती, माझ्याच अक्षरात, आणि त्यामुळंच कुठली डबी कुणाच्या कमरेला आहे ते एका सकाळीत कळणार होतं.

ईश्वरीनं पहिल्यांदा डोकं हातात धरलं. मग चिडली. एवढी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती. "मी फळ्यावर काढून दाखवलं होतं! सात म्हणजे सात! तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या!"

"डोलावल्या," अक्का म्हणाली. "लाभ आम्ही मोजण्यात धरतच न्हाई बाळ. तुला आम्ही खोटं न्हाई बोललो. आम्ही सातच मोजत होतो."

ईश्वरी तिच्याकडं बघतच राहिली. नंतर तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. त्याच दुपारपासून फोन सुरू झाले. डबी काढा, जुनी जोडा, जवळच्या दवाखान्यात या. बेळगाव, पंढरपूर, पार नागपूर. नऊ दिवसांत तीन हजार दोनशे बारा लोकांपर्यंत पोचलो. दोन डब्या आम्ही पोचायच्या आधी बंद पडल्या होत्या. एकाचा शेजारी धावला म्हणून निभावलं. दुसरे गेले, त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्या मुलाशी मी फोनवर बोलले होते आणि तो मला "मॅडम, तुम्ही कळवलंत हे बरं झालं" म्हणाला. त्यानं माझ्या कानशिलात लगावली असती तर सोसलं असतं, हे सोसत नाही.

चौकशी झाली. माझी तपासनीसाची जागा गेली, पण तक्ते होते म्हणून घरी पाठवलं नाही. छापील कॉइल मंजूर झाली. वाइंडिंग तीन महिन्यांत बंद. एवढंच, की परत आलेल्या डब्यांत छापील पट्टी बसत नव्हती, माप वेगळं. त्यांची जुनी तार सोडवून सात वेढ्यांची नवी कॉइल पुन्हा हातानंच बांधायची होती. म्हणजे आमच्या बायांचं शेवटचं काम काय, तर स्वतः घातलेला लाभ उसवायचा. ईश्वरीनं हे हॉलमध्ये सांगितलं तेव्हा बायांनी हातातल्या कात्र्या खाली ठेवल्या. मुमताज तेवढी म्हणाली, "मेरेकू मत देना वो पहिला." पण दुसऱ्या दिवशी आली.

या कामापुरतं मला तपासणीच्या टेबलावर बसवलं, कारण दुसऱ्या कुणाला ते यंत्र चालवता येत नव्हतं.

सोमवारी सव्वाआठला काम सुरू झालं. बाया जागेवर बसल्या, पण हात कुणी चालवेना. सगळ्या अक्काकडं बघत होत्या. अक्कासमोर पहिली डबी होती ती यांची. मी तशी मागितली नव्हती, तिनंच काढून घेतली होती. ती वीट कमरेला बांधून हेही आले होते, हॉलच्या दाराशी बाकड्यावर बसले होते. कागद-पेन्सिल बरोबर होती, पण काढत काहीच नव्हते.

अक्कानं जुनी तार सोडवली. हळदीचा ठिपका असलेला तुकडा कापून पदराच्या टोकाला बांधला. नवी तार घेतली, टोक धरलं, आणि थांबली. तिचे ओठ हलले. मला माझ्या टेबलावरून स्पष्ट दिसलं, शब्द तोंडात येऊन बसला होता. बोटानं तार अर्धी वळवलीही होती. तिनं ती परत सरळ केली.

"एक," अक्का म्हणाली.

आवाज नेहमीसारखा नव्हता. पण मग मागून मुमताज म्हणाली "एक", सुजाता म्हणाली "एक", आणि आठही जणी मोजायला लागल्या. दोन. तीन. चार. साताला अक्काचा हात थांबला आणि हवेतच राहिला. पुढचं काहीतरी त्याला माहीत होतं आणि ते करायचं नव्हतं. बराच वेळ तसाच राहिला. मग तिनं कात्री घेतली आणि तार तोडली.

कॉइल डबीत बसवून ती उठली. खिडकीजवळच्या फळीवर दिवा लावलेला होता. सगळ्या जणी बघत होत्या. अक्का फळीशी गेली, डबी हातात तशीच धरून एक नमस्कार केला, आणि तिथं न ठेवता मागं फिरून माझ्याकडं आली. डबी माझ्या टेबलावर ठेवली. एवढ्या वर्षांत अक्काचा पहिला नग कधी माझ्याकडं आला नव्हता.

"बघ गं," ती म्हणाली. "गरम होतीय का."

मी वायरी जोडल्या, पूर्ण भार दिला, थर्मामीटर लावला. दोन तास लागतात. अक्कानं तिचं स्टूल ओढून आणलं आणि माझ्याशेजारी बसली. हेही बाकड्यावरून उठून आले आणि आमच्यामागं उभे राहिले. आम्ही तिघंही त्या आकड्याकडं बघत बसलो.